डिचोलीचे न झालेले युद्ध

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा बालआरोग्यावरील एखादा नेहमीचा विषय त्यांना अपेक्षित असावा. मी निवडलेला विषय वरकरणी वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. शोधयंत्राच्या यादीत एखादे संकेतस्थळ कितव्या क्रमांकावर येते आणि त्या क्रमांकामुळे त्याच्याकडे किती वाचक वळतात, हा तो विषय. परंतु आज आजारी मुलाला घेऊन आपल्या दवाखान्यात येणारे आईवडील त्याआधीच एका अदृश्य सल्लागाराला भेटून आलेले असतात. त्या सल्लागाराची निवड कशी होते, हे जाणून घेणे आता आपल्या व्यवसायाचाच एक भाग झाले आहे.

या विषयाचा आरंभ आपल्या डिचोलीपासूनच करता येतो. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘डिचोली संघर्ष’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख अवतरला. सन १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज सत्ता आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेल्या युद्धाची ती सविस्तर हकिगत होती. युद्धाची पार्श्वभूमी, मोहिमा, अखेरचा तह, तळटीपा आणि संदर्भग्रंथ असे सर्व काही त्यात यथासांग होते. सुमारे साडेचार हजार शब्दांच्या या लेखाला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘चांगला लेख’ असा दर्जाही बहाल झाला. उणीव एकच होती. असे युद्ध कधी झालेच नव्हते.

आपल्या भागातील इतिहासाची थोडीफार जाण असलेल्या कोणालाही ते ध्यानात आले असते. सन १६४० मध्ये शिवाजी महाराज अवघे दहा वर्षांचे होते आणि मराठा साम्राज्य अस्तित्वात यायचे होते. डिचोलीचा मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा महाराजांनी जीर्णोद्धार केला तो १६६८ मध्ये. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली गेले ते त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून तर त्यांची गणना ‘नव्या काबिजादी’त होते. तरीही हा कपोलकल्पित लेख पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. डिसेंबर २०१२ मध्ये एका जागरूक संपादकाने त्यातील संदर्भग्रंथांचा शोध घेतला. ते ग्रंथही कल्पितच निघाले आणि लेख काढून टाकण्यात आला.

हीच थाप एखाद्या कोपऱ्यातील संकेतस्थळावर लिहिली गेली असती, तर ती कोणाच्या दृष्टीसही पडली नसती. पण विकिपीडियाची पाने शोधयंत्राच्या यादीत सर्वसाधारणपणे वरच्या ओळींत असतात. शिवाय डिचोलीच्या खऱ्या इतिहासाविषयी तिच्याशी स्पर्धा करील अशी पाने महाजालावर फारशी नव्हती. उच्च स्थान आणि रिकामे मैदान, या दोन गोष्टी एकत्र आल्या की खोट्याला खऱ्याची प्रतिष्ठा मिळते. इतिहासाच्या बाबतीत त्याने कोणाचा जीव गेला नाही. आरोग्याच्या बाबतीत मात्र तशी खात्री देता येत नाही.

क्रमांक कसा ठरतो?

डॉक्टर मंडळींना हे समजावून घेणे अवघड नाही; कारण या पद्धतीचे मूळ आपल्याच शोधनिबंधांच्या जगात आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये अशी कल्पना मांडली, की एखाद्या शोधनिबंधाचा पुढील निबंधांमध्ये कोठे कोठे उल्लेख होतो याची पद्धतशीर सूची असावी. १९६४ पासून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रसिद्ध होऊ लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हाच विचार महाजालाला लावला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूने दिलेले एक मत, आणि ज्याला स्वतःला पुष्कळ मते मिळाली आहेत त्याच्या मताला अधिक वजन, असे ते गणित होते. १९९८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी गुगल कंपनी स्थापन झाली. आता क्रमांक ठरवताना इतर असंख्य बाबी विचारात घेतल्या जातात, परंतु मूळ तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे गणित लोकमान्यता मोजते. पानावरील विधान खरे आहे की नाही, हे रुग्ण तपासावा तसे तपासून पाहण्याची सोय त्यात नाही. शोधयंत्र चालवणाऱ्यांनी अलीकडे आरोग्यविषयक पानांसाठी लेखकाची पात्रता आणि विश्वासार्हता यांना अधिक महत्त्व दिले आहे. ही स्वागतार्ह सुधारणा असली, तरी ती संपूर्ण हमी नव्हे.

त्याच १९९८ च्या निबंधाच्या परिशिष्टात पेज आणि ब्रिन यांनी एक इशाराही दिला होता. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी शोधयंत्रे जाहिरातदारांच्या बाजूला झुकणे स्वाभाविक आहे, असे त्यांनी नमूद केले होते. पुढे २००० सालापासून त्यांच्याच कंपनीने शोधाच्या शब्दांवर जाहिराती विकण्यास प्रारंभ केला. आज यादीच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असलेल्या ओळी दिसतात, त्या पैसे मोजून मिळवलेल्या जागा होत. बहुसंख्य पालकांचे त्या शब्दाकडे लक्ष जात नाही.

पहिला आणि दहावा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तोंडाशी बसणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाईक अधिक मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. महाजालावर हा फरक किती पटींचा असतो, याची कल्पना २००६ मध्ये आली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत केलेल्या सुमारे दोन कोटी शोधांची नोंद संशोधनासाठी खुली केली. वापरकर्त्यांची नावे वगळली होती; तरीही त्यांनी शोधलेल्या शब्दांवरून पत्रकारांनी एका वृद्धेचा शोध लावला. त्यावर मोठी टीका झाली आणि ती नोंद मागे घेण्यात आली. पण अभ्यासकांनी तिचे विश्लेषण केले. कोणत्या ना कोणत्या दुव्यावर मारलेल्या प्रत्येक शंभर टिचक्यांपैकी सुमारे ४२ पहिल्या क्रमांकाला मिळत होत्या, सुमारे १२ दुसऱ्याला आणि आठ ते नऊ तिसऱ्याला. दहाव्या क्रमांकाच्या वाट्याला जेमतेम तीन येत. अकरावा क्रमांक, म्हणजे दुसऱ्या पानावरील पहिला, याला एक टिचकीही पुरती मिळत नव्हती. पहिल्या पानावरील दहा जागांनी मिळून जवळजवळ नव्वद टक्के वाचक खेचले होते.

ही आकडेवारी त्या काळची आहे. त्यानंतर नकाशे, चित्रफिती, जाहिराती यांची भर पडली आणि प्रमाणे बदलली. उताराचा आकार मात्र तसाच राहिला.

येथे कोणी म्हणेल, की पहिला क्रमांक सर्वांत चांगला असतो म्हणूनच लोक तो निवडतात. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी हीच शंका तपासून पाहिली. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपणारी यंत्रणा लावून त्यांना शोध घेण्यास सांगितले आणि त्यांच्या नकळत काही जणांपुढे यादीचा क्रम उलटा केला. तरीही विद्यार्थ्यांचा कल वरच्या ओळींकडेच राहिला. २००५ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या या निबंधांचा निष्कर्ष असा, की माणसे मजकूर तोलण्याआधी स्थानावर विश्वास टाकतात.

आपल्या देशातील उदाहरणही आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनी भारतातील दोन हजारांहून अधिक अनिश्चित मतदारांवर एक प्रयोग केला. उमेदवारांविषयीची तीच ती पाने निरनिराळ्या क्रमाने दाखवली असता मतदारांची पसंती लक्षणीय प्रमाणात हलली आणि बहुतेकांना क्रमात काही फेरफार आहे याचा संशयही आला नाही. आपण ज्याला मत देणार त्याच्याविषयी असे होत असेल, तर रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईविषयी काय सांगावे!

एका गावाची दोन नावे

आपल्या दोन तालुक्यांत या प्रश्नाला एक खास गोमंतकीय पदर आहे. पोर्तुगीज काळापासून आपल्या गावांची रोमन लिपीतील रूपे वेगळी आणि बोलीतील वेगळी. आपण पेडणे म्हणतो, फलकावर ‘पेर्नेम’ असते. डिचोलीचे ‘बिचोलिम’, साखळीचे ‘सांकेलिम’, हरमलचे ‘आरांबोल’. माणसाला ही जोडनावे एकाच गावाची आहेत हे माहीत असते. यंत्रालाही हळूहळू ते कळू लागले आहे, पण यादीतील क्रम दोन्हींसाठी सारखा राहीलच असे नाही. ‘आरांबोल’ हा शब्द जगभरातील पर्यटक शोधतात. त्यामुळे त्या नावाखाली निवासस्थाने, योगवर्ग आणि सूर्यास्ताची छायाचित्रे यांची गर्दी होते. त्याच गावात राहणाऱ्या आणि आरोग्य केंद्राची वेळ शोधणाऱ्या बाईला त्या गर्दीतून वाट काढावी लागते. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या नावाचा शोध घेणाऱ्या परक्यांची संख्या वाढली आहे. गावकऱ्यांच्या गरजेची माहिती आणखी खाली ढकलली जाण्याचा हा धोका आहे.

आजारांच्या नावांचेही असेच. २०१५ मध्ये शेजारच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये डिचोलीला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात क्यासनूर जंगलाच्या तापाचे रुग्ण आढळले. शास्त्रीय नाव कर्नाटकातील एका जंगलाचे. लोकांनी आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘माकडताप’ म्हटले. काजूच्या बागेत जाणारा शेतकरी ‘माकडताप’ हाच शब्द शोधणार. गोचिडीपासून बचाव कसा करावा हे सांगणाऱ्या अधिकृत पानावर केवळ इंग्रजी लघुनाम असेल, तर त्या पानाची आणि त्या शेतकऱ्याची गाठ पडेलच असे नाही. पुढे २०२२ मध्ये नावात माकड असलेला एक सर्वस्वी वेगळा आजार जगभर गाजला, तेव्हा घोटाळ्याला आणखी वाव मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी त्या आजाराचे नाव बदलून ‘एमपॉक्स’ केले.

पाच मिनिटांचा प्रश्न

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती तापात येणाऱ्या आकडीची. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी दोन ते पाच टक्क्यांना ती कधी ना कधी येते. बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते आणि मागे काही ठेवून जात नाही. मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, तोंडात बोट, चमचा, पाणी किंवा औषध काहीही घालू नये आणि घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पहिलीच आकडी असेल, तर ती थांबली तरी मुलाला डॉक्टरांना दाखवावे. सांगायचे ते एवढेच आहे. पण याच वेळी घरातील एक जण कांदा हुंगवत असतो, दुसरा दातखीळ उघडू पाहत असतो आणि तिसरा हातात मोबाइल घेऊन ‘बाळाला आकडी’ असे शब्द उमटवत असतो. त्या तिसऱ्याला यादीच्या अकराव्या ओळीपर्यंत जाण्यास वेळ नसतो. जे पहिले दिसेल तेच त्या घरातील उपचार ठरते.

लसीकरणाचा अनुभवही बोलका आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. पहिल्या टप्प्यात निवडलेल्या पाच राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांमध्ये गोव्याचा समावेश होता. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांना ही लस द्यायची होती. त्याच सुमारास तामिळनाडू आणि कर्नाटकात मोबाइलवरील संदेशांतून अफवा पसरल्या. अशी अफवा कानी आलेला पालक खातरजमा करण्यासाठी शोधयंत्राकडे वळतो. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा बारा मुलांवरील निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला होता. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये, ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आले. तथापि मागे घेतलेल्या निबंधाचे पडसाद महाजालावरून मागे घेता येत नाहीत. पालकाने ‘लसीचे दुष्परिणाम’ असे शब्द घातले, की त्याच्यापुढे दुष्परिणामांचीच यादी येते; कारण त्याने मागितले ते तेच.

रिकामी जागा कोणाची?

मायक्रोसॉफ्टमधील संशोधक मायकेल गोलेबिव्स्की आणि डॅना बॉइड यांनी २०१८ मध्ये ‘माहितीची पोकळी’ अशी संकल्पना मांडली. एखाद्या विषयावर किंवा शब्दावर चांगला मजकूर उपलब्धच नसेल, तर जे काही तकलादू असेल तेच यादीत वर येते. इंग्रजीत तापाच्या आकडीवर नामांकित रुग्णालयांची कितीतरी पाने आहेत आणि त्यांच्या स्पर्धेत खोट्याला वर चढणे कठीण जाते. मराठीत आणि कोंकणीत ही गर्दी फार विरळ आहे. आपल्या बहुतेक पालकांची बोली कोंकणी, वाचन मराठी आणि टंकलेखन बहुधा रोमन लिपीत. या तिहेरी वाटेवर त्यांना भेटणारा तज्ज्ञ आवाज क्वचितच सापडतो. डिचोलीच्या खोट्या युद्धाला पाच वर्षे मिळाली ती याच पोकळीमुळे.

मात्र याच गोष्टीला एक आशेची बाजूही आहे. जेथे गर्दी नाही तेथे एका चांगल्या पानालाही पहिल्या ओळींत जागा मिळू शकते. त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. आपल्यासारख्या संघटनेने मनावर घेतले, तर पेडणे आणि डिचोलीतील पालकांना वर्षभरात लागणाऱ्या वीस-पंचवीस विषयांवर सोप्या मराठीत आणि कोंकणीत पाने तयार करणे अशक्य नाही. त्याबाबत काही सूचना कराव्याशा वाटतात.

मथळा पालकांच्या शब्दांत असावा. आपण ‘अतिसार’ लिहितो, घरात ‘जुलाब’ किंवा ‘हगवण’ म्हणतात; आपण ‘ज्वरजन्य आक्षेप’ लिहितो, घरात ‘आकडी’ किंवा ‘झटके’ म्हणतात. हे सर्व शब्द पानावर यावेत. गावाची दोन्ही नावे असावीत. पहिल्या चार ओळींत काय करावे आणि काय करू नये ते सांगावे. कारणमीमांसा नंतर यावी. लेखकाचे नाव, पदवी आणि मजकूर तपासल्याची तारीख स्पष्ट द्यावी. ही वाचकाच्या विश्वासाची गरज आहे आणि शोधयंत्रे चालवणारेही आता तिला महत्त्व देतात. एकमेकांच्या पानांना दुवे द्यावेत, कारण दुवा म्हणजे मत हे तत्त्व अद्याप कालबाह्य झालेले नाही. आणि वर्षातून एकदा पान पुन्हा तपासावे.

यात आचारसंहितेचा भंग होईल का, अशी शंका काही व्यवसायबंधू घेतात. वैद्यकीय व्यावसायिकांसाठी २००२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार स्वतःची जाहिरात करणे आणि रुग्ण ओढणे निषिद्ध आहे. मात्र सार्वजनिक आरोग्याच्या विषयांवर स्वतःच्या नावाने लिहिण्यास तेच नियम मुभा देतात. ‘माझा दवाखाना पहिला दिसावा’ आणि ‘खरी माहिती पहिली दिसावी’ या दोन इच्छांमधील अंतर आपण ओळखले, म्हणजे पुरे. पानावर दवाखान्याच्या पत्त्याऐवजी संघटनेचे नाव असले, की हा प्रश्नही उरत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. ‘माझ्या जवळचे डॉक्टर’ असे शोधल्यावर दिसणारा क्रम विषयाशी जुळणे, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतो, असे गुगल स्वतःच सांगते. त्यात निदानकौशल्य मोजण्याचा कोणताही रकाना नाही. आरोग्याविषयी काही वाचाल, तेव्हा पान कोणाचे, लिहिले कोणी, केव्हा लिहिले आणि शेवटी तुम्हांला काही विकले जात आहे का, एवढे चार प्रश्न विचारा. ‘प्रायोजित’ हा शब्द शोधण्याची डोळ्यांना सवय लावा. आणि वाचलेले घेऊन डॉक्टरांकडे जरूर या, लपवू नका. आपणही अशा पालकांना ‘गुगल डॉक्टर’ म्हणून हिणवू नये. मुलाविषयीच्या काळजीनेच त्यांनी ते वाचलेले असते.

अखेरीस, ही यादीच आता आक्रसू लागली आहे. २०२४ पासून भारतातही गुगलच्या शोधयादीच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले तयार उत्तर दिसू लागले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील वापराची पाहणी केली. असे उत्तर दिसलेल्या भेटींपैकी सुमारे ८ टक्के भेटींतच वाचकाने खालच्या एखाद्या दुव्यावर टिचकी मारली होती. ते नसताना हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे पूर्वी दहा ओळींपैकी पहिली तरी कोणाची हे दिसत असे. आता उत्तर समोर येते आणि ते कोणाचे याकडे पाहणारे कमी होत आहेत. पण हे उत्तरही कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवलेल्या मजकुरातूनच विणले जाते. मराठीतून विचारलेल्या प्रश्नासाठी मराठीत काही चांगले लिहिलेलेच नसेल, तर हे विणकाम कोणत्या सुताने होणार?

पूर्वी आपल्या गावांत वैद्यकीचा शब्द पोचवण्यासाठी पायपीट करावी लागे. आज तो शब्द प्रत्येक घरातील मोबाइलपर्यंत पोचण्याची सोय झाली आहे. तो आपण लिहून ठेवावा एवढेच बाकी आहे. संघटनेच्या येत्या वर्षाच्या कार्यक्रमात रक्तदान आणि तपासणी शिबिरांच्या जोडीला अशा पानांचे लेखन समाविष्ट व्हावे. प्रत्येक सभासदाने एक विषय घ्यावा, दुसऱ्याने तो तपासावा. तापातील आकडीचा विषय मी घेतो. उरलेल्या विषयांसाठी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत, ही नम्र विनंती.